मस्टरवर नसलेल्या मुली



मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण आकडा कोणी मोजला, कुठे उभे राहून मोजला, हे विचारण्याची सवय मला धंद्याने लावली आहे.

मेंदूचा पक्षाघात, डॉक्टरांच्या भाषेत सेरेब्रल पाल्सी. बाळाचा मेंदू घडत असताना, जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच त्याला इजा पोचते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. लंडनच्या डॉ. विल्यम लिट्ल यांनी १८६१ साली अशा मुलांची हकीकत प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडली आणि तिचा संबंध अवघड बाळंतपणाशी व अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी जोडला. पूर्वजन्मीचे पाप वगैरे गोष्टी तेव्हाच निकालात निघायला हव्या होत्या!

युरोपात अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून हिशेब झाला. तीन मुलींमागे सुमारे चार मुलगे. मुळात मुलगे थोडे अधिक जन्मतात हे खरे, पण ते शंभर मुलींमागे एकशेपाचांच्या आसपास. तेवढ्याने हा फरक भरून येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुलगे अधिक असतात, आणि तितक्याच आठवड्यांच्या मुलीची फुप्फुसे आधी तयार होतात. प्रयोगशाळेत तर असेही दिसले, की प्राणवायू तुटल्यावर नर आणि मादी यांच्या मेंदूपेशी वेगवेगळ्या वाटांनी मरतात. म्हणजे मुलगा हा जन्मवेळी नाजूक जीव. मिशीवर ताव मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्याकडे या. तिथे त्या त्या भागातले सारे जन्म धरून मोजणी होते. आपल्याकडचे बहुतेक आकडे इस्पितळात आणलेल्या मुलांचे. त्यांत पुष्कळदा मुलगे युरोपाहूनही अधिक दिसतात. हा सगळाच फरक निसर्गाचा मानायला मी तयार नाही. मस्टरवर साठ नावे असतात आणि आत नव्वद माणसे राबतात. उरलेली तीस कंत्राटदाराची. मस्टर खोटे नसते, अपुरे असते. व्यायामाला आठवड्यातून दोनदा जायचे, खाडा झाला की रोज बुडायचा. मुलासाठी बाप तो बुडवतो, मुलीसाठी ‘बघू पुढे’ म्हणतो. तोवर तिचे आखडलेले गुडघे तसेच राहतात. मेंदूची इजा वाढत नाही. सांधे मात्र हयगयीने आखडत जातात.

मुंबईत १९७२ साली मिठू आलूर यांनी या मुलांसाठी संस्था उभी केली, ती स्वतःच्या लेकीचा, मालिनीचा, अनुभव घेऊन. ती मालिनी पुढे लंडनला शिकली.

कामगार बांधवांसाठी एवढेच. राज्य विम्याच्या कायद्यातल्या ‘कुटुंब’ या व्याख्येत, अशा व्यंगामुळे तुमच्या कमाईवर सर्वस्वी अवलंबून असलेले अपत्य, ते व्यंग असेपर्यंत धरले आहे. मुलगा की मुलगी हा प्रश्न त्यात नाही. विम्याच्या कागदांवर तिचे नाव चढले आहे का, ते घरी गेल्यावर पाहावे. नसल्यास सोमवारी कचेरीत या.