केसांखालच्या कातडीविषयी

दिघी, भोसरी, चऱ्होली, मोशी, चाकण भागातून दवाखाने लवकर आवरून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

केसरोपणावर आपण बोलतो तेव्हा बोलतो केसांविषयीच. ग्राफ्ट, म्हणजे केसांसकट कातडीचे तुकडे, किती लावले, उगवले किती. मला आज त्या केसांखालच्या कातडीविषयी बोलायचं आहे. केस आलेत, फोटोत बरंही दिसतं, पण कपाळाच्या कडेला बोट फिरवलं की खडे लागतात आणि ट्यूबलाइटखाली उंचसखलपणा उठून दिसतो. असा तरुण आपल्या पट्ट्यात नवा नाही. कंपनीत नोकरी लागलेली, घरी मुली बघणं सुरू झालेलं आणि हप्त्यांवर केस बसवून घेतलेले. "डॉक्टर, हे सपाट होईल का?" असं तो विचारतो, तेव्हा "होईल हो, काळजी करू नका" एवढ्यावर त्याची बोळवण करणं मला पटत नाही.

हा दोष या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यानंतर कित्येक वर्षं सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे लावले जात. प्रत्येक तुकड्यात केसांचा झुबका असे, त्यामुळे डोकं फरसबंदी केल्यासारखं दिसे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक गट सुटे करण्याची पद्धत आली आणि झुबके गेले. उंचवटे मात्र उरले, कारण ग्राफ्ट बारीक झाला तरी खोलीचा प्रश्न सुटत नाही. मावळात भाताची लावणी केलेल्या माणसाला खोलीचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. ग्राफ्टची कातडी भोवतालच्या कातडीशी समपातळीत किंवा केसभर वर हवी. जास्त वर राहिली तर उंचवटा येतो. खोल गेली तर खड्डा पडतो, कधी आत गाठही धरते. आणि मोठे ग्राफ्ट किंवा मोठ्या चिरा एकमेकांना खेटून घेतल्या, तर आतल्या व्रणाने केसरेषेचा सगळा बांधच उचलला जातो.

पण प्रत्येक खरखर म्हणजे दोष नव्हे. पहिले दहा-बारा दिवस खपल्यांचे असतात. दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात, त्याने रुग्ण घाबरतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस वर येऊ लागतात. या काळात केसमुळांशी पुटकुळ्या येतात, एखादा केस कातडीखालीच वळतो. त्यावर कोमट पाण्याचा शेक, हलक्या हाताने धुणं, गरज पडली तर प्रतिजैविक मलम किंवा गोळ्या, एवढं बहुतेकदा पुरतं. माझं स्पष्ट मत आहे की कातडी सपाट करण्यासाठी वर्ष उलटेपर्यंत सुरी किंवा लेसर हातात घेऊ नये. दोन गोष्टींना मात्र थांबायला वेळ नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेचच कातडी काळीनिळी पडू लागली, तर तिचा रक्तपुरवठा तुटतोय असं समजा आणि त्याच दिवशी तपासा. आणि काही महिन्यांनी खाज, लाली वाढत जाऊन केस झडत असतील, कातडी गुळगुळीत होत असेल, तर लायकेन प्लॅनोपायलॅरिस हा केसमुळं नष्ट करणारा आजार मनात आणून बायोप्सी करा. अशा डोक्यावर पुन्हा ग्राफ्ट लावले तर तेही वाया जातील.

वर्षानंतर जे उरतं ते खरं काम. जाड बांधावर पातळ केलेलं ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन, काही आठवड्यांच्या अंतराने, थोडं थोडं. जास्त दिलं तर कातडी खचून उलट खड्डा होईल. सुटे उंचवटे वरून तासता येतात किंवा लेसरने उतरवता येतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा किंवा काळा डाग राहण्याची भीती असते. म्हणून आधी एका कोपऱ्यात, केसांआड, करून पाहावं. झुबक्याचा ग्राफ्ट पंचने काढून, त्यातले केस सुटे करून पुन्हा लावणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात रुग्णाचे केस वाया जात नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूचा साठा मोजका असतो, तो पुन्हा भरत नाही. खड्डे मात्र हट्टी. ते पूर्ण जातील असं वचन देऊ नका. पुढे एकेका केसाचे बारीक ग्राफ्ट लावून ते झाकता येतात, हे सांगा.

हे सगळं टाळता येण्याजोगं होतं, याचं मला फार वाईट वाटतं. केसरोपणाची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे २००८ मध्येच आली. ती लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. नरेंद्र पटवर्धन, आपल्या पुण्याचे. तरी मार्च २०१९ मध्ये मुंबईत एकाच वेळी नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतलेला माणूस दोन दिवसांत दगावला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहून द्यावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. चिरा घेणारा हात प्रशिक्षित डॉक्टरचाच हवा.

आपल्या भागापुरतं एक सांगतो. इथला रुग्ण हेल्मेट घालून दुचाकीवर येतो आणि कारखान्यात सेफ्टी हेल्मेट चढवतो. ग्राफ्ट घट्ट धरायला नऊ-दहा दिवस लागतात. तेवढी रजा त्याला लिहून द्या. सुपरवायझरसमोर तो स्वतः मागायला लाजतो.

आणि शेवटी विनंती. ग्राफ्ट किती, कुठून काढले, कोणत्या सुईने किंवा पात्याने चिरा घेतल्या, हे लिहिलेला कागद प्रत्येक रुग्णाच्या हातात द्या. दुसऱ्याने केलेलं काम बिघडलेलं दिसलं तर रुग्णासमोर त्या डॉक्टरला नावं ठेवू नका, पण रुग्णाला खरं काय ते सांगा. स्वतःला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवा. उद्यापासूनच हे सुरू करूया.