तपासणी तिची, ठपकाही तिच्यावरच

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला भाड्यानं खोली मिळत नाही, कामावरून कमी केलं जातं, घरात त्याचं ताट वेगळं होतं. असं का, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: अज्ञान. माहिती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे. भिंती रंगवून झाल्या, पथनाट्यं झाली. एका पंगतीत जेवल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या घरातही ताट वेगळंच राहतं. म्हणजे कारण आणखी खोल आहे.

कावीळ ब या आजाराचं उदाहरण घ्या. तोही रक्तातून आणि लैंगिक संबंधातून पसरतो. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. कावीळ ब असेल आणि लस घेतलेली नसेल, तर ती शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. भीती संसर्गाचीच असती, तर काविळीच्या रुग्णाला आधी वाळीत टाकलं असतं. क्षयरोग तर हवेतून पसरतो. त्या रुग्णांनाही त्रास होतो, पण त्यांच्या चारित्र्याचा पंचनामा होत नाही. एचआयव्ही म्हटलं की पहिला प्रश्न ‘कसा झाला?’ हा असतो, आणि विचारणाऱ्यानं उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं.

हा ठपका सगळ्यांवर सारखा बसत नाही. गरोदरपणात बाईची तपासणी होते, त्यामुळे पुष्कळ घरांत आजार पहिल्यांदा तिच्या अहवालात दिसतो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. जिचं निदान आधी, तिनंच आजार घरात आणला, असा निवाडा होतो. पुढे नवरा गेला की याच निवाड्याच्या आधारे तिला घरातून काढलं जातं, आणि शेतातला, घरातला वाटाही जातो. इथे आजार निमित्त ठरतो. विधवेला वाटा नाकारण्याची रीत त्याच्या आधीपासूनची आहे. तृतीयपंथी आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांचंही तेच. त्यांना दूर लोटायला समाजाला विषाणूची गरज कधीच नव्हती.

कुणी म्हणेल, स्वतःच्या वागण्यानं आजार ओढवला तर सहानुभूती कशाला? यावर आपण पटकन लहान मुलांची, रक्तातून बाधा झालेल्यांची उदाहरणं देतो. हेतू चांगला असतो, पण त्यात घोटाळा आहे. काहींना निष्पाप म्हटलं की उरलेले आपोआप गुन्हेगार ठरतात. तंबाखूनं कर्करोग झालेल्याला आपण आधी उपचार देतो, हिशेब मागत नाही. तोच नियम इथे लावावा. दुसरा आक्षेप डॉक्टर-परिचारिकांच्या सुरक्षिततेचा. तो रास्त आहे, पण खबरदारी प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच घ्यायची असते, कारण कपाळाकडे बघून बाधा ओळखता येत नाही. सुई टोचलीच, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. खाटेवर पाटी लावून कोणाचंच रक्षण होत नाही. उलट, पाटीच्या धास्तीनं माणूस तपासणीलाच येत नाही. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातलं विषाणूंचं प्रमाण मोजण्यापलीकडे कमी झालं आणि तसंच राहिलं, तर लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. तेव्हा उपचारापासून माणसाला लांब ठेवणारी वागणूक खुद्द समाजालाच महाग पडते.

म्हणून नातेवाइकांना सांगणं एवढंच: ‘कसा झाला’ हे विचारू नका, गोळ्या वेळेवर चालू आहेत का ते विचारा. पत्नीची तपासणी झाली असेल तर पतीनंही करून घ्यावी. अहवालाबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलू नका. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे. २०१७ च्या कायद्यानं नोकरी, उपचार, शिक्षण आणि भाड्याचं घर यांत भेदभावाला मनाई केली आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्कही दिला आहे. तक्रार केली तर नाव फुटेल, ही धास्ती खरी आहे; म्हणून न्यायालयात ओळख गुप्त ठेवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. कायदा नव्हता तेव्हाही, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयानं एका बाधित कामगाराच्या बाजूनं निकाल दिला. तो खटला आजही केवळ इंग्रजी अक्षरांनी ओळखला जातो.