मायफळाची शाई आणि सोन्याचा वर्ख

बाळगुटींत जें मायफळ उगाळतात, तें वस्तुतः फळ नव्हे. ओक जातीच्या झाडाच्या कोंवळ्या कळींत एक बारीक माशी अंडें घालते. त्या अंड्याभोंवतीं झाड जी गांठ वाढवितें, तिलाच बाजारांत मायफळ म्हणतात. ह्या गांठींतील तुरट द्रव्य आणि हिराकस ह्यांच्या मिलाफानें होणारी काळी शाई हजार वर्षांहून अधिक काळ युरोपांतील लेखनाचा आधार होती. तेथील मध्ययुगीन मठांतून तयार झालेल्या अनेक सुवर्णांकित ग्रंथांची शोभा ह्या वनस्पतिजन्य शाईवर आणि सोन्याच्या वर्खावर उभी आहे.

शाईची कृति साधी आहे. मायफळें कुटून कांहीं दिवस पाण्यांत भिजवावयाचीं, तें पाणी गाळून त्यांत हिराकस घालावयाचें आणि शेवटीं बाभळीचा डिंक मिसळावयाचा. आपल्याकडील पोथ्यांची काजळाची शाई पृष्ठावर बसते. ही शाई आंत शिरते. लिहितांना ती फिकट दिसते. मग हवेंतील प्राणवायूनें हळूहळू काळी होते.

वर्खाचें काम अधिक नाजूक असतें. मजकूर व चित्राच्या रेघा झाल्यावर, परंतु रंग भरण्यापूर्वीं, सोनें लावीत; कारण वर्ख रंगालाही चिकटतो आणि घासतांना शेजारचा रंग बिघडतो. गिलाव्याची भुकटी, सरस व थोडी साखर ह्यांचा लेप देऊन तो वाळवीत. मग त्यावर तोंडानें वाफ सोडून तो किंचित् ओलसर करीत, लगेच वर्ख ठेवीत, आणि अकीकाच्या दगडानें घोटून त्याला झळाळी आणीत.

ह्या कलेंत टिकाऊपणाचा प्रश्न पहिल्यापासूनच होता. इ. स. १४०० च्या सुमारास इटालियन चित्रकार चेनिनो चेनिनी ह्यानें आपल्या ग्रंथांत तक्रार केली आहे, कीं एका डुकॅट नाण्याचे १४५ वर्ख काढतात. सपाट जागेसाठीं ते १०० हून अधिक काढूं नयेत. चांदीचा वर्ख होतां होईल तों टाळावा, कारण ती काळी पडते, असेंही त्यानें बजाविलें आहे. हवेंतील गंधकाच्या संयोगानें चांदी काळवंडते. सोन्यावर मात्र त्याचा परिणाम होत नाहीं.

शाईचा धोका याहून गुप्त असतो. हिराकसाचें प्रमाण वाढलें, तर उरलेलें लोह आणि आम्ल कागदाचे तंतू पोखरतात. विल्यम ल्युइस ह्या इंग्रज रसायनज्ञानें निरनिराळ्या प्रमाणांच्या शाया करून पाहिल्या आणि १७६३ सालीं निर्णय दिला, कीं टिकाऊ शाईसाठीं तीन भाग मायफळास एक भाग हिराकस असावें. प्रमाण चुकल्याचें फळ काय, तें बर्लिन येथील ग्रंथालयांत दिसून आलें. संगीतकार बाख (१६८५–१७५०) ह्याच्या हातचीं स्वरलेखनें त्यांच्याच शाईनें जर्जर केलीं होतीं. कागदाचे दोन पदर सोडवून, मध्यें नवा पातळ कागद घालून, त्यांतील अनेक पानें सावरावीं लागलीं.

ह्या व्याधीवरचा एक उपायही वनस्पतींतूनच आला. धान्याच्या कोंड्यांत असणारें फायटेट हें द्रव्य मोकळ्या लोहाला बांधून ठेवतें, हें ओळखून हॉलंडमधील संशोधकांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यावरून उपचारपद्धति सिद्ध केली.

आजही हौशी चित्रकार अशी शाई घरीं करतात आणि तिच्या जोडीला वर्ख लावतात. शाई पहिल्याच दिवशीं गडद दिसावी म्हणून त्यांना जास्त हिराकस घालण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. चित्र किती वर्षें टिकणार, ह्याचा पुष्कळसा निर्णय कुंचला हातांत घेण्यापूर्वींच, शाईच्या भांड्यापाशीं, तराजूनें होऊन गेलेला असतो.