फिरत्या घराचे धक्काशोषक

कांहीं वस्तूंचीं नांवें त्यांच्या गुणांची ओळख करून देण्याऐवजीं आपल्याला चकवा देतात. मोटारीच्या चाकाजवळ तेलानें भरलेलें जें नळकांडें असतें, त्याला अमेरिकेंत ‘शॉक अब्सॉर्बर’, म्हणजे धक्काशोषक, असें म्हणतात. आपल्याकडील मिस्त्री तेंच नांव आंखडून ‘शॉकअप’ असें घेतात. वास्तविक हें नळकांडें धक्का शोषीत नाहीं. धक्का झेलतात ते गाडीचे पाटे, किंवा पाट्यांच्या जागीं बसविलेल्या हवेच्या पिशव्या. इंग्लंडांत ह्याच वस्तूला ‘डॅम्पर’ म्हणतात व तें नांव अधिक खरें आहे. कारण उठलेला हेलकावा शमविणें एवढेंच हिचें काम. नांवांतील हा घोटाळा लहान दिसला, तरी अमेरिकेंतील मोटारघरांच्या मालकांना तो बराच महाग पडतो. त्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मोटारघर म्हणजे बसएवढी गाडी, पण आंत निजावयाची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी ह्या गांवीं विनेबॅगो कंपनीनें १९६६ सालापासून अशीं घरें बांधण्यास आरंभ केला व त्या देशांत तीं फार लोकप्रिय झालीं. नोकरींतून निवृत्त झालेलीं कित्येक जोडपीं राहतें घर विकून बारा महिने अशा गाडींतच संसार करतात. तिकडे स्थायिक झालेलीं आपलीं महाराष्ट्रीय माणसेंही सुटींत अशी गाडी भाड्यानें घेऊन मुलांबाळांसह प्रवासास निघतात. फोर्ड कंपनीच्या ‘एफ-५३’ ह्या सांगाड्यावर उभारलेल्या मोटारघराचें अनुज्ञेय वजन सुमारें ७ ते १२ टन असतें. मागें डीझेल इंजिन असलेल्या मोठ्या गाड्या १५ टनांच्याही पुढें जातात. एवढें ओझें डोंगरउतारावर किंवा आडव्या वाऱ्यांत डोलूं लागलें, म्हणजे प्रश्न केवळ सुखाचा राहत नाहीं. सबंध कुटुंबाच्या जिवाचा होतो.

आपल्या घरांतील झोपाळ्याचें उदाहरण घेऊं. झोपाळ्याच्या कड्या बसणाऱ्याचें वजन तोलतात. एक झोका दिला, कीं झोपाळा कितीतरी वेळ मागेंपुढें होत राहतो. बसणाऱ्यानें पाय हलकेच भुईला घासला, म्हणजे तो दोन हेलकाव्यांत स्थिर होतो. पाय मुळींच टेकला नाहीं, तर हेलकावे संपत नाहींत. आणि दणकन् रोवला, तर त्याच्याच गुडघ्याला हिसका बसतो. गाडीचे पाटे म्हणजे ह्या कड्या, आणि धक्काशोषक म्हणजे तो पाय. पायानें कोणी झोपाळा तोलून धरीत नाहीं, एवढें लक्षांत ठेवलें, तर पुढील सारा विषय सोपा होतो.

आतां नळकांड्याच्या आंत पाहूं. तेथें तेलांतून एक दट्ट्या सरकत असतो, व त्या दट्ट्याला बारीक छिद्रें आणि झडपा असतात. चाक वर उचललें किंवा खालीं गेलें, कीं तेलाला त्या अरुंद वाटांनीं बळेंच जावें लागतें. ह्या विरोधांत गतीची उष्णता होते व ती नळकांड्याच्या पाठीवरून हवेंत निघून जाते. गाडीचें धूड सेकंदाला एक-दीड वेळां हेलकावतें, तर खडबडीत रस्त्यावर आंस व चाकें तेवढ्याच वेळांत दहा-बारा वेळां थरथरतात. पहिल्या हालचालीला बळकट विरोध हवा. दुसरीला तेवढाच केला, तर रस्त्याचा प्रत्येक खडा आंतील माणसांच्या हाडांपर्यंत पोंचतो. ह्या दोन मागण्यांची तडजोड करणें हेंच ह्या धंद्यांतील खरें कौशल्य होय.

ही तडजोड निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळ्या रीतीनें केली आहे. साध्या प्रकारांत एका नळींत दुसरी नळी असते. तो स्वस्त व टिकाऊ असतो. बाहेरच्या नळीला पोंचा आला, तरी बहुधा काम चालतें. परंतु लांब व खराब रस्त्यावर तेल तापून त्याचा फेंस होण्याची भीति असते, आणि फेंसाला जोर नसतो. दुसरा प्रकार एकेरी नळीचा. जर्मनींतील बिल्स्टाइन कंपनीनें तो प्रसिद्धीस आणिला. ह्यांत नायट्रोजन वायु मोठ्या दाबाखालीं कोंडलेला असतो, व तेल आणि वायु ह्यांच्यामध्यें एक सुटा दट्ट्या असतो. त्यामुळें फेंस होत नाहीं. तेलाची नळी बाहेरच्या हवेला थेट लागून असल्यामुळें ती लवकर निवतेही. मात्र एखादा दगड उडून तिला पोंचा आला, तर दट्ट्या अडकतो. हॉलंडांतील कोनी कंपनीची युक्ति तिसरी आहे. १८५७ सालीं घोड्यांचा साज करण्यापासून ह्या घराण्याचा धंदा सुरू झाला. तिच्या एका जातींत तेलाला एक जादा वाट ठेवलेली असते. जलद थरथरीच्या वेळीं ती उघडी राहते. हेलकावा सावकाश व लांब असला, म्हणजे दाब सांचून ती मिटते व विरोध आपोआप वाढतो. मोटारघरांसाठीं ही जात मुद्दाम विकली जाते.

ह्यांतील कोणता घ्यावा, हा प्रश्न मात्र पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा, कीं दोष खरोखर धक्काशोषकाचाच आहे काय? ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी तीनचार वेळां खालींवर होत राहिली, तर दोष धक्काशोषकाचा मानण्यास हरकत नाहीं. पण शेजारून मोठा ट्रक गेल्यावर मागचा भाग आडवा सरकत असेल, तर आंसाला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याकडे पाहावें. वळणावर गाडी कलत असेल, तर कल रोखणारा दांडा व त्याचीं रबरी बुशें तपासावीं. उभी गाडीच एका बाजूला झुकत असेल, तर पाटा, हवेची पिशवी किंवा आंतील सामानाची मांडणी बिघडलेली आहे. सारी गाडी कडक वाटत असेल, तर पुष्कळदां टायरांत वजनाच्या मानानें हवा अधिक असते. ह्यांपैकीं एकही दुखणें नव्या धक्काशोषकांनीं बरें होणार नाहीं. आणि मोठ्या गाडीला ते आठही लागतात, म्हणजे हजार डॉलरांच्या वर खर्च सहज होतो.

लहान मोटारीचा कोपरा हातानें दाबून सोडला, कीं ती किती वेळां हलते हें पाहतां येतें. बारा टनांच्या गाडीवर ही परीक्षा चालत नाहीं. ट्रकवाल्यांची रीत येथें उपयोगी पडते. खडबडीत रस्त्यावर कांहीं मैल जाऊन सपाट जागीं थांबावें, व लागलीच एकेका नळकांड्याजवळ हात नेऊन पाहावा. प्रथम दुरून, कारण चटका बसूं शकतो. जें काम करीत होतें तें उष्ण लागतें. बाकीचीं उष्ण असतां एखादें गार राहिलें, तर तें स्वस्थ बसून होतें असें समजावें. अंगावर तेलाचा पुसट ओलावा असला, तर घाबरूं नये. तेल ओघळत असेल, तर मात्र तें बदलावें.

निवड करण्यापूर्वीं गाडीचें वजन करावें, आणि तेंही पाण्याच्या टाक्या, कपडे, भांडीं व माणसें ह्यांसह. तिकडे ट्रकांच्या थांब्यांवर प्रत्येक आंसाचें वजन निराळें दाखविणारे कांटे असतात. मोटारघरवाल्यांची ‘एस्केपीज’ नांवाची संस्था १९७८ सालीं स्थापन झाली. ती तर प्रत्येक चाकाचें वजन वेगळें करून देते. ह्या आंकड्यांवरून आधीं टायरांतील हवा ठरवावी, मग पिशव्यांची उंची बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि ह्यानंतरच सांगाड्याचें नांव, वर्ष व वजन सांगून धक्काशोषक मागवावा. ‘सर्वांत कडक तो सर्वांत चांगला’ ही समजूत सोडून द्यावी. लांबीही तंतोतंत हवी. कित्येक हवेच्या रचनांत चाक खालीं किती लोंबावें ह्याची मर्यादा धक्काशोषकच घालतो. तो अधिक लांब आला, तर पिशवी ताणून फाटते, आणि अधिक आंखूड आला, तर खड्ड्यांत त्याचेंच टोंक आपटतें.

बदलण्याचें काम अवघड नाहीं, पण धोक्याचें आहे. पिशव्यांतील हवा गेली, कीं गाडीचा सांगाडा एकाएकीं खालीं बसतो, आणि खालीं निजलेला माणूस चिरडून मेल्याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत. गाडी समपातळींत आणणारे तिचे स्वतःचे जॅक ह्या कामासाठीं नाहींत. सांगाड्याखालीं भक्कम घोडे लावल्यावांचून कोणीही आंत शिरूं नये. एका आंसावरील दोन्ही बाजूंचे धक्काशोषक एकदमच बदलावे. वायूचा दाब असलेला धक्काशोषक पट्ट्यानें बांधून येतो. तो पट्टा जागेवर बसविल्यानंतरच कापावा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी आपल्या नेहमींच्या उंचीवर आली, म्हणजेच शेवटचे आवळावे. नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें. जुना धक्काशोषक तापवूं नये व त्याला भोंकही पाडूं नये. ज्याला हीं साधनें नाहींत, त्यानें हें काम ट्रकांच्या चांगल्या कारखान्यांत करून घेण्यांत कमीपणा मानूं नये.

असो. धक्काशोषकानें ओझें वाहावें, कल सांवरावा आणि आडवा वारा अडवावा, अशी अपेक्षा करणें म्हणजे झोपाळ्याच्या कड्या झिजल्या असतां पायांत नवे जोडे घालण्यासारखें आहे. कड्यांचें काम कड्यांनीं आणि पायाचें काम पायानें करावें. वजनाच्या कांट्यावर खर्च केलेले थोडेसे डॉलर व गाडीखालीं पाहण्यांत घालविलेला अर्धा तास, एवढ्यानें पुष्कळ वेळां हा मोठा खर्च वांचतो. आणि तो करावाच लागला, तर वायां जात नाहीं.