प्रगतीचा हिशेब दोन्ही बाजूंनी हवा

(संशोधक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पीएच.डी.चा विद्यार्थी म्हणजे वर्षानुवर्षे वसतिगृहात राहून सरकारी पैशावर जगणारा इसम, असे चित्र गेली काही वर्षे पद्धतशीरपणे रंगवले जात आहे. या प्रचाराला उत्तर देताना काही तरुण साथी दुसऱ्या टोकाला जातात आणि मुदत नको, अहवाल नको, तपासणी नको, अशी भूमिका घेतात. ही भूमिका चूक आहे. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या संशोधनाचा हिशेब जनतेला मिळालाच पाहिजे. वादाचा मुद्दा एवढाच आहे की, हा हिशेब एकट्या विद्यार्थ्यानेच का द्यावा?

प्रथम नियम काय आहेत ते नीट पाहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागावीत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्कमध्ये किमान 55 टक्के गुण मिळवावे लागतात. दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून काम मांडावे लागते. प्रगती असमाधानकारक वाटल्यास समितीने कारणे नोंदवून उपाय सुचवायचे असतात. ते अमलात आले नाहीत तर ती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते.

यातील काही तरतुदी चळवळीने जपण्यासारख्या आहेत. प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा ही त्यांपैकी एक. कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन ही दुसरी. ज्या विद्यार्थ्याला केवळ तोंडी 'तुमचे काम बरोबर नाही' असे सांगितले जाते, त्याने लेखी कारणे मागितलीच पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे.

परंतु याच चौकटीत एक मूलभूत विसंगती आहे. प्रगती तपासणाऱ्या समितीचा निमंत्रक विद्यार्थ्याचा मार्गदर्शकच असतो. मार्गदर्शकाने प्रकरणे महिनोन्महिने वाचलीच नाहीत, तर होणारा विलंब विद्यार्थ्याच्या नावावर नोंदला जातो आणि त्या विलंबाचा न्यायनिवाडा करण्यास तोच मार्गदर्शक बसतो. अशा वेळी तक्रार करण्याचे धैर्य कोणाला होईल? घराण्यातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलामुलींना तर मुळीच नाही.

दुसरी विसंगती पैशाची. नेट-जेआरएफ अधिछात्रवृत्तीची मुदत पाच वर्षांची आणि नोंदणीची मुदत सहा वर्षांची. प्रबंध लिहून पूर्ण करण्याचे अखेरचे वर्ष विद्यार्थ्याने कशावर काढावे, याचे उत्तर कोणत्याही विनियमात नाही. 2023 पासून या अधिछात्रवृत्तीची मासिक रक्कम कनिष्ठ संशोधकास 37,000 आणि वरिष्ठास 42,000 रुपये झाली, हे खरे. पण ती मिळवणारे थोडे. केंद्रीय विद्यापीठांतील नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना 2015 मध्ये दरमहा 8,000 रुपये मिळत होते. तेही बंद करण्याचा निर्णय त्या वर्षी ऑक्टोबरात झाला. विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे ती रक्कम चालू ठेवण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. डिसेंबर 2022 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. विद्यार्थ्याचा अहवाल महिनाभर लांबला तर त्याला जाब द्यावा लागतो. शासनाचा पैसा अनेक महिने लांबला तर जाब कोणी द्यायचा?

'जो वेळेत पूर्ण करत नाही तो नालायक' असे म्हणणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन आठवून द्यावे. 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. 1916 मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडन गाठते झाले. डी.एस्‌सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो सुधारून दिल्यावर 1923 मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. पदवी तर प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर 1927 मध्ये हाती आली. प्रवेशापासून चौदा वर्षांनी! हा विलंब बुद्धीचा नव्हता, परिश्रमाचाही नव्हता. तो पैशाचा होता. त्या एका मुभेने लंडनचे दार उघडे राहिले नसते, तर काय हरपले असते याचा विचार करावा.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अधिछात्रवृत्तीची मुदत नोंदणीच्या मुदतीइतकी करावी. शासनाकडून रक्कम जितके महिने थकेल तितके महिने विद्यार्थ्याच्या मुदतीत आपोआप वाढवावेत. मार्गदर्शकाने सादर केलेले लिखाण किती दिवसांत वाचून परत करायचे याची मर्यादा ठरवावी आणि तीही सहामाही अहवालात नोंदली जावी. नोंदणी रद्द करण्यापूर्वी मार्गदर्शकाव्यतिरिक्त अन्य प्राध्यापकांपुढे अपिलाची संधी मिळावी. आर्थिक कारणाने अभ्यास थांबवणाऱ्यास परत येण्याचा हक्क असावा.

या मागण्यांत सवलतीची याचना नाही. करार दोघांत झाला असेल तर तो दोघांवर बंधनकारक असतो, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. प्रत्येक विद्यापीठातील साथींनी प्रथम आपल्या विभागात जावे आणि कोणाचे विद्यावेतन किती महिने थकले, कोणाचे प्रकरण किती दिवस न वाचता पडून आहे, याची लेखी यादी करावी. विद्यार्थ्यांचा प्रगती अहवाल दर सहा महिन्यांनी मागितला जातो; विद्यापीठाचा आणि शासनाचा प्रगती अहवाल त्या यादीतून तयार होईल.