डोकेदुखीचे निदान

ज्याचे डोके कधीच दुखले नाही असा माणूस विरळाच. म्हणूनच या दुखण्याची फारशी दखल कोणी घेत नाही. घरातली गोळी घ्यावी, सुंठेचा लेप लावावा आणि कामाला लागावे, अशी सर्वत्र रीत आहे. डॉक्टरांना मात्र प्रथम एक निर्णय करावा लागतो: ही डोकेदुखी हाच विकार आहे, की ती दुसऱ्या एखाद्या रोगाची सूचना आहे?

या निर्णयाचे मुख्य साधन म्हणजे रोग्याने सांगितलेली हकीकत. बहुधा अर्धेच डोके ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसत नाही आणि औषध न घेतल्यास दुखणे ४ ते ७२ तास टिकते, ती अर्धशिशी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पण हातचे काम सहसा अडत नाही, ती ताणाची डोकेदुखी. एकाच डोळ्याभोवती असह्य कळ येते, त्या डोळ्यातून पाणी वाहते आणि रोगी येरझारा घालू लागतो, तो प्रकार निराळा. ही कळ १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत राहते. अर्धशिशीचा रोगी अंधारात निपचित पडतो, याला मात्र स्वस्थ बसवत नाही. एवढ्या भेदावरूनही निदानाची दिशा कळते.

पुढे रक्तदाब, मान, हातापायांची शक्ती आणि डोळ्यांचा अंतर्भाग तपासतात. हे सारे ठीक असून हकीकत जुळत असेल, तर मेंदूच्या चित्रणाची गरज बहुधा पडत नाही.

परंतु क्षणार्धात पराकोटीला गेलेली वेदना, ताप येऊन ताठलेली मान, लुळा पडलेला हात, अडखळणारी वाणी किंवा डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच कानशील दुखू लागले आणि घास चावताना जबडा दुखला, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका येते; उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. म्हणून दुखण्याचा दिवस, वेळ, लक्षणे आणि घेतलेली गोळी वहीत टिपून ठेवावी. डॉक्टरांपुढे ठेवलेली अशी वही निदानाचे अर्धे काम करते.