रोमचा चौक व तेथें लागलेलें पंचांग



आज आम्ही आपणांस इटलींतील रोम शहराच्या एका जुन्या चौकाची हकीकत सांगणार आहोंत. त्या चौकाचें नांव फोरम. पॅलाटाइन व कॅपिटोलाइन या टेकड्यांमधली ही दलदलीची जागा. रोमकरांनीं मोठें गटार बांधून तिचें पाणी टायबर नदींत सोडलें. मग तेथें बाजार भरूं लागला. पुढें देवळें, सभा व न्यायनिवाडेही तेथेंच आले.

चौक सर्वांचा खरा. पण ज्ञान सर्वांचें होतें काय? मुळींच नाहीं! रोममध्यें पॅट्रिशियन म्हणजे वरिष्ठ घराणीं व प्लेबियन म्हणजे बाकीची रयत, असे दोन वर्ग होते. कायदा कोठें लिहिलेला नव्हता. वरिष्ठ सांगतील तोच कायदा. रयतेनें हट्ट धरला, तेव्हां इ. स. पू. ४५० च्या सुमारास तो बारा पाट्यांवर लिहून याच चौकांत लावण्यांत आला.

तरीही एक किल्ली वरिष्ठांच्या कनवटीस राहिलीच. न्यायाचें काम कोणत्या दिवशीं चालेल आणि दावा कोणत्या शब्दांत मांडावा, हें केवळ पुरोहितमंडळास ठाऊक. आणि तें मंडळ सारें पॅट्रिशियनांचें! ज्याचें शेत बुडालें त्यानें आधीं त्यांचे उंबरठे झिजवावे, मग न्याय मागावा. मुहूर्तासाठीं दुसऱ्याच्या दारांत तिष्ठत बसलेल्या आपल्या वाडवडिलांना यांत कांहींच नवल वाटलें नसतें.

इ. स. पू. ३०४ मध्यें नीयस फ्लेव्हियस हा शहराची व्यवस्था पाहणारा अधिकारी म्हणून निवडून आला. हा धंद्यानें कारकून. याचा बाप गुलामींतून सुटलेला. इतिहासकार लिव्ही सांगतो कीं, या निवडणुकीच्या संतापानें पुष्कळ वरिष्ठांनीं हातांतल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. एकदां तो आजारी सहकाऱ्यास भेटावयास गेला, तर तेथील बडे तरुण उठून उभे राहीनात. त्यानें आपली अधिकाराची खुर्ची तेथेंच आणवली व तीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिला!

याच फ्लेव्हियसनें दाव्यांचे मसुदे उघड केले आणि न्यायाच्या दिवसांचें पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोंवतीं लावलें. देव कोपला नाहीं, रोम बुडालें नाहीं. उलट चारच वर्षांनीं, इ. स. पू. ३०० मध्यें, ओगुल्नियन कायद्यानें पुरोहितमंडळांत रयतेलाही जागा मिळाल्या.

पुढें साम्राज्य गेलें, चौक मातीखालीं गेला आणि कित्येक शतकें तेथें गुरें चरलीं. आतां उत्खननानें तो पुन्हा उघडा पडला आहे. शनिदेवाच्या देवळाचे आठ खांब अजून उभे आहेत. त्या फळ्या मात्र उरल्या नाहींत.

बंधूंनो, फ्लेव्हियसनें फळी लावली. पण ती वाचणारा नसता तर ती नुसतें लांकूडच होती. आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सभेची नोटीस लागते. ती वाचावयास आपल्यापैकीं किती जण थांबतात? चौक आपला आहे एवढ्यानें भागत नाहीं. तेथें काय लिहिलें आहे तें वाचा. आणि लिहिलें नसेल तर तें कां लिहिलें नाहीं, हें मोठ्यानें विचारा.